हिरवा ठिपका

त्योंगे खेम्बोच्या टेबलावर पाटी होती, ‘समन्वय अधिकारी’. शिरे नदीच्या खालच्या खोऱ्याचा पूरनकाशा तयार करून घ्यायचा, हे तिचं काम. कुठली वाडी बुडेल, कुठली राहील, पळायचं तर माणसांनी कुठे पळायचं, हे सगळं त्यात दिसायला हवं होतं. त्यासाठी लागणारी माहिती देशात नव्हती असं नाही. नदीच्या पातळीच्या नोंदी जलखात्याकडे, घरांची मोजणी जनगणनावाल्यांकडे, रस्ते आणि पूल बांधकामवाल्यांकडे. प्रत्येकाने आपापलं कपाटात घालून वर कुलूप लावलेलं. त्योंगे मिनीबसने ब्लांटायरहून राजधानीला, लिलाँग्वेला जायची, तिथल्या बाकांवर बसून राहायची, साहेब जेवून आले की पुन्हा विनवण्या करायची.

असं करत बरंच हाती आलं. पण ते एकावर एक ठेवलं तेव्हा एका खात्याची प्राथमिक शाळा नदीच्या मधोमध उभी, आणि दवाखाना थेट मगरींच्या बेटावर. कुणी जुन्या काळची मोजणी धरलेली, कुणी नवी. त्यामुळे गावं जागची हललेली. पाणी किती चढेल याचं गणित मांडणारा ग्रेशियन तिच्या शेजारी बसायचा. त्याने स्क्रीनकडे बघून मान डोलावली.

‘‘बाई, त्या शाळेतल्या मास्तरांना विचारा, हजेरी होडीतून घेता का?’’

‘‘हस तू. उद्या तुलाच बसवते सगळ्या शाळा सरकवायला.’’

आणि बसवलंच. दोघांनी मिळून एकेक शाळा, एकेक विहीर, एकेक पूल जागेवर आणला. हे काम त्योंगेला मनापासून आवडायचं. ती त्याच खोऱ्यातली. नदीच्या पूर्वेला न्याम्थेरे नावाचं गाव, तिथली ती. त्योंगे अंगावर पीत होती तेव्हा आई गेली. थोरल्या बहिणीने, फायनेसीने, तिला चितेन्जेत, बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडात, पाठीला बांधून वाढवलं. कापूस वेचताना पाठीवर त्योंगे, मासे सुकवताना पाठीवर त्योंगे. पुढे त्योंगे शिकून शहरात गेली आणि फायनेसी तिथेच राहिली. झुझे नावाच्या गुरं राखणाऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं, केट्रिना नावाची मुलगी झाली, आणि आता गावाच्या आपत्ती समितीवर तिचं नाव होतं. ‘‘तू तिकडून नकाशा पाठव, मी इकडून माणसं हाकते,’’ असं ती फोनवर म्हणायची.

सगळं जमलं, एक सोडून. जमिनीची उंची. पुराच्या नकाशाचा जीव तिच्यात असतो. पाणी उंची बघून जातं, त्याला दुसरं काही कळत नाही. ही उंची एका कालव्याच्या प्रकल्पाने मोजून ठेवली होती, विमानातून लेझर सोडून, अगदी बांधाबांधाची. प्रकल्पाच्या कचेरीत ती माहिती म्सिस्का नावाच्या अधिकाऱ्याकडे होती. म्सिस्का वाईट माणूस नव्हता. चहा द्यायचा, सोबत तळलेल्या गोड मंदासी मागवायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा.

‘‘बाई, मला काय, मी आत्ता काढून देतो. पण सामंजस्य करार झाल्याशिवाय दिलं तर माझी खुर्ची जाईल.’’

‘‘करार तुमच्याकडेच आहे की, साहेब. आम्ही सही करून पाठवला.’’

‘‘हो, पण आमचे विधी सल्लागार म्हणतात, मालकी कुणाची ते आधी ठरू दे. पैसा परदेशी, विमान परदेशी, जमीन आपली. मग माहिती कुणाची?’’

‘‘पाणी कुणाचं, तेही एकदा ठरवून टाका,’’ त्योंगे म्हणाली. म्सिस्का हसला. तीही हसली, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचंच होतं.

गेलं वर्ष त्यातच गेलं. तोवर ग्रेशियनने उपग्रहाची उंची वापरून काम पुढे रेटलं. ती फुकट मिळते, सगळ्या जगाची मिळते, पण उपग्रह वरून बघतो. खाली जमीन आहे की झाडाचा शेंडा, हे त्याला कळत नाही. दाट झाडी असली की तो शेंड्यालाच जमीन समजतो. त्योंगेला हे पक्कं ठाऊक होतं. जिथे जंगल आहे तिथे त्यांनी उंची कापून कमी केली. पण वाड्यांभोवतालच्या झाडीचं काय करायचं? तिथे स्वतः जाऊन, यंत्र रोवून मोजायला हवं होतं. तिने गाडी मागितली. गाडी दुरुस्तीला गेलेली होती. पुन्हा मागितली, ती मंत्र्यांच्या दौऱ्यावर होती.

पाऊस तोंडावर आला. जिल्ह्याच्या कचेरीतून रोज फोन यायला लागले, जे असेल ते द्या, काहीच नसण्यापेक्षा बरं. त्योंगेचे साहेब म्हणाले, ‘‘दे.’’ ती म्हणाली, ‘‘अर्धवट आहे, सर.’’ साहेब म्हणाले, ‘‘अर्धवट आहे असं लिही आणि दे.’’ तिने प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मसुदा. जमिनीवर तपासल्याशिवाय वापरू नये.’ आणि दिलं.

जिल्ह्याच्या कचेरीत एक कळकळीचा माणूस होता. त्याने तो नकाशा बघितला आणि त्याला वाटलं, खेड्यातल्या बायाबापड्यांना ह्यातलं काय समजणार? म्हणून त्याने स्वतः बसून, जेवण विसरून, त्याची सुटसुटीत भित्तिपत्रकं केली. बुडणारा भाग लाल. सुरक्षित जागा म्हणजे हिरवा ठिपका. बारीकसारीक मजकूर त्याने काढून टाकला, कारण इतकं कोण वाचतं. ती पत्रकं गावोगावच्या शाळांत लागली.

फायनेसीचा फोन आला तेव्हा ती आनंदाने नुसती ओसंडत होती.

‘‘अगं, तुझा नकाशा आलाय शाळेत! आपलं नाव आहे त्यात, न्याम्थेरे! आणि आपली आंबराई हिरवी आहे, हिरवी! मी सगळ्यांना दाखवलं, म्हटलं बघा, माझ्या पाठीवर मुतणाऱ्या पोरीने काढलंय हे.’’

आंबराई म्हणजे जुन्या कापूस गोदामाभोवतीची ती प्रचंड झाडं, आतल्या माणसाला ऊन लागू न देणारी. उपग्रहाला काय दिसलं असेल ते त्योंगेला त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसलं.

‘‘ताई, त्यावर मसुदा असं लिहिलंय ना?’’

‘‘लिहिलंबिहिलं काही नाही. ठिपका आहे.’’

‘‘ताई, ऐक. ती जागा मोजलेली नाही. तिथे जमीन उंच नसेल, नुसती झाडं उंच असतील. पाणी वाढलं तर तिथे थांबू नका. टेकडीवर जा.’’

फायनेसी हसली. ‘‘टेकडी कुठे राहिली! म्हाताऱ्यांना कोण नेणार तिथवर, तू येणारेस? आणि आंबराईत पाणी कधी आलेलं बाबांच्याही बाबांनी बघितलं नाही. ठिपका नसता तरी आम्ही तिथेच गेलो असतो.’’

‘‘दुसऱ्या वाड्यांतले गेले नसते ना, ताई.’’

‘‘बरं, समितीत सांगते,’’ फायनेसी म्हणाली. सांगितलं की नाही, कोण जाणे.

त्योंगेने फोन ठेवला आणि ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. त्याच दिवशी जिल्ह्याला पत्र गेलं, पत्रकं काढून घ्या, नवीन लावा. तिने म्सिस्कालाही फोन केला आणि कधी नव्हे ती आवाज चढवून बोलली. फाइल सचिवांच्या टेबलावर आहे, सही झाली की मी स्वतः घेऊन येतो, असं तो म्हणाला. पत्र जिल्ह्याला पोचलं. पत्रकं काढायला माणूस निघणार होता. तेवढ्यात समुद्राकडून वादळ आलं.

पाऊस असा लागला की ब्लांटायरमध्येच डोंगर खचले. वरच्या पठारावर पडलेलं सगळं पाणी नद्यांनी उचललं आणि खाली खोऱ्याकडे निघालं. ग्रेशियन गणित मांडत होता, आकडा येत होता, तो पुसून पुन्हा मांडत होता. त्योंगे फायनेसीला फोन लावत होती. लागत नव्हता. जिल्ह्याला एकदा लागला. तिथला माणूस ओरडून सांगत होता की होड्या नाहीत, आहेत त्या या प्रवाहात घालता येत नाहीत, रस्ता तुटलाय. दुपारी कधीतरी अचानक फायनेसीचा फोन लागला.

मागे कोलाहल होता. मुलं रडत होती, कुणी भजन म्हणत होतं, बकऱ्या ओरडत होत्या.

‘‘आम्ही सगळे आंबराईत आहोत,’’ फायनेसी म्हणाली. आवाज नेहमीचाच, कामाच्या गडबडीतला. ‘‘तिन्ही वाड्यांतली माणसं आलीत. यायला तयार नव्हती गं, मी गेले बोलवायला. म्हटलं, माझ्या बहिणीने काढलाय नकाशा, चला मुकाट्याने.’’

‘‘ताई, निघा तिथून.’’

‘‘कुठे निघू? चारी बाजूंनी पाणी आहे.’’

‘‘दाजी कुठे आहेत?’’

‘‘गुरं घेऊन गेलेत टेकडीकडे. सकाळीच.’’ मग जरा आवाज खाली आणून ती म्हणाली, ‘‘त्योंगे, खरं सांग. गोदामाच्या पायरीला पाणी लागलंय. आणखी किती येईल?’’

ग्रेशियनने आकडा लिहिलेला कागद त्योंगेसमोर होता. तिला खोटं बोलता आलं असतं. एवढंच आहे, उतरेल आता, असं म्हणता आलं असतं, आणि फायनेसीला तेवढाच धीर आला असता.

‘‘खूप येईल, ताई. गोदाम बुडेल. झाडांवर चढा. आत्ता, लगेच. मुलांना आधी चढवा. वर, जितकं वर जाता येईल तितकं. चितेन्जे फाडून बांधून घ्या फांद्यांना.’’

मग फायनेसीने मागे वळून हाक मारल्याचं ऐकू आलं, मोठ्याने, गावभर ऐकू जाईल अशी. तिने फोन बंद केला नव्हता. बहुधा कमरेला खोचला. त्योंगे ऐकत राहिली. ‘‘केट्रिना, तू पहिली. नाही, पहिली तू. त्या म्हाताऱ्याला दे इकडे. अगं, बाळ दे, बाळ दे वर!’’ मग फोन तुटला तो तुटलाच.

पाणी ओसरायला लागल्यावर त्योंगे सैन्याच्या होडीतून खोऱ्यात गेली. ग्रेशियन सोबत होता. टेकडीच्या पायथ्याशी शाळेत छावणी होती. वर्गांत, पडवीत, झाडाखाली माणसं. एका चुलीवर मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाची एन्सिमा ढवळली जात होती आणि तिच्याभोवती माणसं उभी होती. केट्रिना तिथे होती. दंड फांदीने सोलवटलेले, पायाला फडकं. मावशीला बघून ती उठली नाही.

‘‘धाकटी आई,’’ ती म्हणाली. आईच्या धाकट्या बहिणीला तिकडे असंच म्हणतात. ‘‘आईला चढता आलं नाही.’’

त्योंगे तिच्याजवळ जमिनीवर बसली.

‘‘ती खालून सगळ्यांना देत होती. पाणी तिच्या इथे आलं,’’ केट्रिनाने गळ्याला हात लावला, ‘‘तरी देत होती. मी म्हटलं आता ये. ती म्हणाली, आलेच. मग गोदामाची भिंत पडली आणि सगळं एकदम आलं.’’

‘‘किती जण वाचले?’’ त्योंगेने विचारलं.

‘‘मुलं बरीच राहिली. म्हातारे नाही राहिले.’’ केट्रिना तिच्याकडे बघू लागली. ‘‘आई म्हणत होती, धाकट्या आईने सांगितलंय झाडावर चढा. सगळ्यांना तेच ओरडून सांगत होती.’’

फायनेसी खाली बऱ्याच अंतरावर मासेमारांना सापडली. तिला टेकडीच्या उतारावर पुरलं, इतरांच्या ओळीत. माती लाल आणि चिकट होती, फावड्याला सोडत नव्हती. झुझे कबरीजवळ उभा राहिला. दिवसभरात त्याने त्योंगेकडे एकदाही पाहिलं नाही. ती त्याच्याजवळ जाऊन ‘‘दाजी’’ म्हणाली, तर तो वळला आणि गुरांकडे चालता झाला.

गावचे मुखिया चिकवेम्बे, वयाने झुकलेले, तेही त्या दिवशी एका फांदीवर बसून जगले होते. त्योंगे त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली, हात जोडले आणि आपण काय केलं, काय करायचं राहिलं, सगळं सांगू लागली; उपग्रह, झाडं, लेझर, करार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘तो ठिपका कुणा परक्याने काढलेला असता तर पलीकडच्या वाड्या आल्या नसत्या. फायनेसीने तुझं नाव घेतलं म्हणून आल्या. हे मी तुला टोचायला सांगत नाही. असं झालं, एवढंच सांगतो.’’

‘‘मला शिव्या द्या, आजोबा.’’

‘‘देऊन काय करू? देणारे लोक वर टेकडीवर झोपलेत.’’ त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, उठही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने ती आपणच उठली.

पुढच्या महिन्यात देशातली सगळी कुलुपं उघडली. ज्या माहितीसाठी वर्षभर चपला झिजल्या, ती आपसूक यायला लागली. या खात्याची, त्या संस्थेची, कुणीकुणी तर मागितलं नव्हतं तेही पाठवलं. म्सिस्का स्वतः आला. हार्ड डिस्क त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली.

‘‘सही झाली,’’ तो म्हणाला.

‘‘कधी?’’

त्याने खाली बघितलं. ‘‘वादळानंतर तिसऱ्या दिवशी.’’ मग म्हणाला, ‘‘बाई, मी आधीच चोरून दिली असती तर... मला रोज वाटतं.’’

त्योंगेला त्याचा राग यायला हवा होता. तो येईना. तिला त्याच्या शर्टाची विटलेली कॉलर तेवढी दिसत राहिली. ‘‘चहा घेता?’’ तिने विचारलं. दोघांनी चहा घेतला. मग तो गेला.

ग्रेशियनने ती उंची नकाशात घातली. आंबराईची जमीन भोवतालच्या शेतांपेक्षा थोडी खोलगटच निघाली, बशीसारखी. म्हणून तर तिथे झाडांना एवढं पाणी मिळत होतं, म्हणून ती एवढी वाढली. ग्रेशियन खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेला. त्योंगे बघत बसली. तिथला निळा रंग सगळ्यात गडद होता.

चौकशी समिती बसली. तिचा अहवाल सगळ्यांना वाटण्यात आला. कुणा एकाचा दोष नाही, संबंधित यंत्रणांमध्ये समन्वयाचा अभाव होता, असा निष्कर्ष. त्योंगेने ते वाचलं आणि टेबलावरची पाटी उचलून खणात टाकली. राजीनामा लिहून ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी तो वाचला. ‘‘तू गेलीस तर हे काम कुणाला देऊ?’’ ते म्हणाले. ‘‘ज्याला त्या खोऱ्यात एकही माणूस माहीत नाही, अशा कुणाला तरी द्यावं लागेल. चालेल तुला?’’

ते चालणार नव्हतं. तिने राजीनामा परत घेतला, पण त्याने मनाला काही बरं वाटलं असं नाही.

कोरड्या दिवसांत गाडी मिळाली, हवी तेव्हा मिळाली. त्योंगे आणि ग्रेशियन वाडीवाडीत यंत्र घेऊन हिंडले, जिथे जिथे झाडी होती तिथे तिथे खांब रोवून जमीन मोजली. आणखी काही ठिकाणी हिरवे ठिपके खोटे निघाले, ते पुसले. न्याम्थेरेचे लोक टेकडीच्या अंगाला नव्या जागी घरं बांधायला लागले होते. ती जागाही त्योंगेने मोजली. मुखिया शेजारी उभे होते. ‘‘इथे येणार नाही,’’ असं तिच्या तोंडावर आलं होतं. ती म्हणाली, ‘‘ग्रेशियनच्या गणितात येत नाही, आजोबा. माझ्याकडे आहे ते हे एवढंच.’’ त्यांनी मान हलवली.

केट्रिनाला तिने ब्लांटायरला चल म्हटलं. शाळा चांगली आहे, खोली आहे, मी आहे. केट्रिना म्हणाली, ‘‘बाबांना स्वयंपाक कोण करील?’’ आणि नवं गवत छपरावर फेकायला निघून गेली. झुझे छपरावर होता. त्याने गवत झेललं. खाली उभ्या असलेल्या मेहुणीकडे त्याची नजर गेली नाही.

सोबत त्योंगेने फायनेसीसाठी एक चितेन्जे आणलं होतं, निळ्या माशांचं, वादळाआधी घेतलेलं. ते केट्रिनाला द्यायचं तिच्या मनात होतं. तिने ते पिशवीतून काढलंच नाही, तसंच परत नेलं.

पुन्हा पाऊस आला. तो पहिला मोठा पाऊस होता, वरच्या पठारावर ढग बसून राहिले होते. त्योंगे कचेरीत होती. फोन वाजला, अनोळखी नंबर.

‘‘झुझे बोलतोय.’’

ती उभी राहिली. ‘‘दाजी.’’

‘‘पाणी किती येणार?’’

तिने ग्रेशियनच्या खांद्यावरून आकडा बघितला आणि सांगितला. नदी कुठवर चढेल, शेतं कुठली जातील, नव्या घरांच्या किती खाली पाणी थांबेल, सगळं सांगितलं.

‘‘नक्की का?’’

पलीकडे पावसाचा आवाज येत होता, नव्या छपरावरचा. कदाचित केट्रिनाही जवळच उभी असेल.

‘‘नक्की नाही, दाजी,’’ त्योंगे म्हणाली. ‘‘एवढं कळतंय, पण नक्की नाही.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘मग आम्ही अजून वर जातो.’’

त्याने फोन ठेवला. वर्षभरात त्याने तिच्याशी बोललेलं ते एवढंच. त्योंगे फोन हातात धरून तशीच उभी राहिली; ग्रेशियनने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला, तोही तिला बऱ्याच वेळाने दिसला.